उजवा पाय, अर्धा नंबर मोठा

शुक्रवारी म्हापशाच्या बाजारात
चवरिसांच्या माळा, सुक्या बांगड्यांचा वास ओलांडला
की निळी ताडपत्री लागते.
तिच्यावर कपड्यांचा ढीग.
साठ रुपये, वरचा घ्या की तळातला.

मी तळापासून सुरुवात करते.
जेवणाची सुट्टी अर्धा तास,
हात कोपरापर्यंत आत, डोळे भलतीकडेच.
कापड बोटांना कळतं.
हे टेरिकॉट, नको.
हे रेयॉन, एका धुण्यात रडेल.
हे सुती, कुणीतरी वर्षानुवर्षं उन्हात वाळवलेलं.
ते ओढून घेते.

कुणाचं होतं, विचारत नाही.
कळंगुटला आलेल्या एखाद्या पाहुण्याचं,
बॅगेचं वजन जास्त भरलं म्हणून मागे राहिलेलं,
किंवा पर्वरीच्या कुणा बाईचं,
लग्नाआधीच्या कमरेचं.

बटणं मात्र बदलते.
बिस्किटांच्या डब्यात आहेत माझ्याकडे:
शिंपल्याची चार, आईच्या झग्याचं एक लाल,
आणि एक पितळी, पोलिसाच्या गणवेशाचं.
ते कसं आलं, ठाऊक नाही.
पुरुषी पँट कमरेत चार बोटं आत,
खांदा उतरतोय? उतरू दे.
सोमवारी सब-रजिस्ट्रारच्या ऑफिसात
खरेदीखताला आलेली बाई विचारते,
कुठल्या बुटिकमधलं?
ताडपत्रीवरचं, मी म्हणते.
ती हसते. नवीन दुकान असेल, असं तिला वाटतं.

पण पायांच्या बाबतीत मी एवढी उदार नाही.

माझा उजवा पाय डाव्यापेक्षा अर्धा नंबर मोठा.
शाळेत सात वर्षं मावसबहीण हेमांगीचे बूट घातले.
तिचे दोन्ही पाय सारखे होते.
जोडा कुठे चावतो ते घालणाऱ्यालाच कळतं, आई म्हणायची
आणि तोच जोडा पुढे सरकवायची.
दुसरा नव्हताच तिच्याकडे.

दुसऱ्याचा शर्ट माणसाला सामावून घेतो.
दुसऱ्याचा बूट दुसऱ्याच्याच घरी निघालेला असतो.

म्हणून पहिल्या पगाराला
आल्तिनच्या चढाखाली फकीराप्पाकडे गेले.
त्याने जुन्या पेपरवर पाय ठेवायला सांगितला,
पेन्सिल फिरवली, गुदगुल्या झाल्या.
मग म्हणाला, आता दुसरा.
तोवर कुणीच दुसरा मागितला नव्हता.
दोन रेषा शेजारी धरून तो बघत राहिला,
'बाई, दोन भाऊ आहेत हे, जुळे नव्हे.'
तीच तपकिरी जोडी अजून.
तळ तीनदा बदलला, बक्कल एकदा.

परवा हळदोण्याच्या बसमध्ये
शेजारच्या म्हातारीने माझी बाही धरली.
निळ्या रेघांचा शर्ट. कफ उलटून शिवलेला,
आत हिरवा दोरा. मला तो दोराच आवडला होता.
'हें खमीस म्हज्या घोवाचें,' ती म्हणाली.
'निळो दोरो सोंपलो आसलो.'

मला वाटलं, आता इथेच काढून द्यावा लागतो की काय.
कंडक्टर सुट्ट्यांसाठी ओरडत होता.
तिने एकेक बटण अंगठ्याने तपासलं,
पितळी बटणाशी थांबली,
'हें ताचें न्हय.'
'नाही, ते माझं.'
'बरें दिसता.'

मग खाली पाहिलं. 'आनी पायांतलीं?'
'माझीच. मापाची.'
तिने मान हलवली, पटल्यासारखी.
त्याचे बूट अजून दाराशी आहेत म्हणाली.
कपडे दोन दिवसांत गेले,
बूट तीन जणांनी घालून पाहिले,
तिघांनीही परत ठेवले.
दर रविवारी ती त्यांना पॉलिश करते.
झुरळं होतात नाहीतर.

उसकईला ती उतरली.
उतरताना आधाराला हात धरला;
माझा नव्हे, शर्टाचा.
मीही तो ताठ ठेवला, तिचा पाय जमिनीला लागेपर्यंत.

बस सुटली.
मी खाली पाहिलं.
दोघे शेजारी होते,
उजवा जरासा पुढे.